घोड्यांच्या शर्यतीत उतरलेला माणूस

डोंगरवाटांवरच्या अति-लांब पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास सांगायला बसलं की पहिलं नाव येतं गॉर्डी एन्स्लीचं. कॅलिफोर्नियातला हा धिप्पाड तरुण मुळात घोडेस्वार. टाहो सरोवराजवळच्या डोंगरांतून ऑबर्न गावापर्यंतची घोड्यांची शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची शर्यत त्याने १९७१ आणि १९७२ साली पुरी केली होती. १९७३ साली त्याचा घोडा लंगडू लागला आणि २९ मैलांवरच्या रॉबिन्सन फ्लॅटच्या ठाण्यावर त्याला शर्यत सोडावी लागली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९७४ मध्ये, तो घोड्याशिवायच शर्यतीत उतरला, ऐन उन्हात दऱ्या उतरला-चढला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला. घोड्यांसाठी ठरवलेल्या २४ तासांच्या मुदतीत माणूस बसला. आज जगभर शंभर मैलांच्या ज्या डोंगरी शर्यती होतात त्यांची वंशावळ या एका दिवसाला नेऊन भिडवली जाते, आणि गोष्टीचं तात्पर्यही ठरलेलं असतं: माणसाने मनात आणलं तर काय अशक्य आहे! गोष्ट खरी आहे, सांगायलाही छान आहे. पण ती सांगताना घोड्याला फार लवकर बाजूला काढलं जातं. एन्स्लीने त्या दिवशी घोडा घरी ठेवला. घोड्यांचे नियम मात्र त्याच्यामागून आलेल्यांच्या सोबत वाटेवर राहिले. रणरणत्या उन्हात शंभर मैल धावणं हे एखाद्या अवलियाचं साहस न राहता दरवर्षी भरणारा खेळ झालं ते या नियमांच्या जोरावर, आणि हे नियम मुळात मुक्या जनावरासाठी केलेले होते, असं मला वाटतं.

ही वाट धावण्यासाठी कुणी आखलेली नव्हती. वाशो आणि निसेनान या मूळ रहिवाशांचा हा मुलूख. १८४९ नंतर सोन्याच्या मागे आलेल्यांनी इथल्या दऱ्यांतून खेचरांच्या वाटा पाडल्या. लास्ट चान्स, डेडवूड, मिशिगन ब्लफ ही आज धावपटूंच्या तोंडी असलेली नावं त्या काळच्या खाणवस्त्यांची. मिशिगन ब्लफला लीलंड स्टॅनफर्डचं दुकान होतं. हाच पुढे राज्याचा गव्हर्नर आणि रेल्वेसम्राट झाला, आणि त्याच्या मुलाच्या नावाने विद्यापीठ उभं राहिलं. सोनं सरलं तशा वस्त्या उठल्या, वाटा झाडोऱ्यात गेल्या. १९५५ साली ऑबर्नचे वेंडेल रोबी यांनी त्या पुन्हा जाग्या केल्या. आजकालच्या घोड्याला एका दिवसात शंभर मैल जमायचे नाहीत, असं म्हणणाऱ्यांना दाखवून देण्यासाठी साठीला टेकलेले रोबी मोजक्या सोबत्यांसह टाहोहून निघाले आणि २४ तासांच्या आत ऑबर्नला आले. मग दरवर्षी शर्यत भरू लागली, १९५९ पासून तिला टेव्हिस चषकाचं नाव मिळालं. शक्यतो पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरायची, म्हणजे रात्री कड्याच्या कडेने जाताना घोड्याला चांदणं मिळतं. मुदतीत पोहोचणाऱ्याला चांदीचं बक्कल.

घोडा एका दिवसात शंभर मैल पळवायचा म्हटल्यावर छळाचा आरोप होणारच होता, आणि तो निराधारही नव्हता. १८९२ साली बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्यादरम्यान लष्करी अधिकाऱ्यांची जी घोडदौड झाली तीत कितीतरी घोडे मेले. जिंकणाऱ्या स्वाराचाही घोडा वाचला नाही. स्वार जिंकला आणि घोडा मेला, याला शर्यत म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हापासून लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या मानगुटीवर होता. (बैलगाडा शर्यतींवरची बंदी, ती उठवण्यासाठीची धडपड आणि मग आलेली पशुवैद्यकीय तपासणीची अट हे सगळं पाहिलेल्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये.) त्यावर सापडलेलं उत्तर म्हणजे वाटेवरचा पशुवैद्य. ठराविक ठाण्यांवर घोडा थांबवायचा. नाडीचे ठोके दिलेल्या वेळेत ठरलेल्या आकड्याखाली यायला हवेत. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की किती वेळात सपाट होते, हिरडी दाबल्यावर रंग किती लवकर परततो, पोटाला नळी लावली तर आतड्यांचा आवाज येतो का, चार पावलं दुडकत नेलं तर पाय सरळ पडतात का, हे सगळं बघायचं आणि मग एकच प्रश्न सोडवायचा: हा घोडा पुढे जाण्याच्या स्थितीत आहे का? निर्णय पशुवैद्याचा. स्वाराने कितीही गयावया केली तरी त्याला मत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाच प्रश्न शर्यत संपल्यावरही विचारला जातो. अंतिम रेषा ओलांडलेला घोडा शेवटच्या तपासणीत नापास झाला तर त्याने शर्यत पूर्ण केली असं धरतच नाहीत. १९६४ पासून पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो उत्तम स्थितीत असेल त्याला वेगळा हॅगिन चषक देतात, आणि जाणकार घोडेवाले त्याला पहिल्या क्रमांकाइतकाच मान देतात. वेगाच्या खेळाने वेगाबाहेरची कसोटी स्वतःवर लावून घेतली, ही या खेळाच्या इतिहासातली मोठी घटना. एन्स्ली ज्या रेषेवर उभा राहिला ती अशा शर्यतीची होती.

एन्स्ली पहिला नव्हताच, हेही इथेच सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७२ साली, कॅन्ससमधल्या फोर्ट रायली इथल्या पायदळाच्या वीस जवानांनी ही वाट पायी करून पाहिली. सात जण ऑबर्नला पोहोचले, पण त्यांना दोन दिवसांच्या आसपास वेळ लागला. तरणेबांड, कवायतीत घडलेले जवान; त्यांतले दोन तृतीयांश वाटेत गळाले. नुसतं बळ आणि शिस्त पुरेशी असती तर हा आकडा असा दिसला नसता. पुरून उरत होतं ते ऊन. ही वाट सुरुवातीला २,६६७ मीटर उंचीच्या एमिग्रंट खिंडीवरून जाते, तिथे काही वर्षी जूनअखेरही बर्फ असतं. मग ती खाली उतरत जाते आणि भर दुपारी अमेरिकन नदीच्या खोऱ्यातल्या दऱ्यांत शिरते. डेव्हिल्स थम्बचा चढ वळणावळणांनी दीड-दोन मैलांत साडेचारशे मीटरांवर नेतो. दऱ्यांच्या तळाशी वारा पडलेला, खडक तापलेले, आणि पारा ३८ अंशांच्या वर, वाईट वर्षी ४२-४३ अंशांपर्यंत. नागपूर-चंद्रपूरकरांना या आकड्याचं काही विशेष वाटणार नाही. पण ते भर दुपारी दरी चढत नाहीत, आणि चढलेच तर आदल्या दहा तासांत पन्नास-साठ किलोमीटर धावून आलेले नसतात. सकाळी बर्फावर घसरणाऱ्या शरीराला त्याच दुपारी भट्टीत उतरायचं असतं. एकूण चढ साडेपाच हजार मीटरांचा, उतार सात हजारांचा.

एन्स्लीच्या यशानंतर दरवर्षी कुणी ना कुणी प्रयत्न करत राहिलं. १९७५ साली एक धावपटू ऑबर्नपासून काही मैलांवर, मुदत शिल्लक असताना, थांबला. १९७६ साली केन शर्क साडेचोवीस तासांच्या आसपास पोहोचला. १९७७ साली घोड्यांच्या शर्यतीबरोबरच माणसांची पहिली अधिकृत शर्यत झाली. चौदा पुरुष निघाले. खाणंपिणं ज्याचं त्याने बघायचं. तपासणी मात्र होती, आणि ती घोड्यांसाठी मांडलेल्या पशुवैद्यांच्या तीन ठाण्यांवर होती. अकरा जण वाटेत थांबले किंवा थांबवले गेले. बावीस वर्षांचा अँडी गोन्झालेस २२ तास ५७ मिनिटांत पहिला आला. त्याच्यामागून, मुदत केव्हाच उलटून गेल्यावर, २८ तास ३६ मिनिटांनी दोघे जोडीने पोहोचले: ५३ वर्षांचे पीटर मॅटेई आणि ५४ वर्षांचे राल्फ पॅफेनबार्गर. दुसरं नाव वैद्यकशास्त्राच्या वाचकांना ओळखीचं असेल. व्यायाम आणि हृदयरोग यांचा संबंध हजारो माणसांच्या नोंदींतून दाखवून देणारे साथरोगशास्त्रज्ञ ते हेच. या दोघांमुळे माणसांसाठी तीस तासांची मुदत आली. १९७८ साली शर्यत घोड्यांपासून सुटी झाली, ऑगस्टमधून जूनमध्ये आली, वाटेवर खाण्यापाण्याची आणि वैद्यकीय तपासणीची ठाणी उभी राहिली. ६३ जण निघाले, ३० पोहोचले. त्यांत पॅट स्माइद ही पहिली स्त्री, २९ तास ३४ मिनिटांत. पशुवैद्याच्या जागी डॉक्टर आला, पण प्रश्न तोच राहिला, आणि निर्णय देणारा धावणाऱ्याहून वेगळा असावा हेही तसंच राहिलं.

आता यावर पहिला आक्षेप असा की माणसाला उन्हात धावायला घोड्यांनी कशाला शिकवायला हवं? तो तर मुळातच उन्हात पळणारा प्राणी. आक्षेपाचा पाया भक्कम आहे. माणसाच्या अंगभर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत, केस विरळ आहेत, तो दोन पायांवर उभा असल्याने माथ्यावरच्या उन्हाला कमी अंग देतो. एक लिटर घाम कातडीवर सुकला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. कुत्रा धापा टाकून थंड होतो, आणि भरधाव पळताना नीट धापा टाकता येत नाहीत. घोडा घामाने थंड होतो खरा, पण चारशे-साडेचारशे किलोंच्या देहात स्नायूंनी तयार केलेली उष्णता बाहेर काढायला वजनाच्या मानाने कातडी कमी पडते. टेव्हिस शर्यतीत लहान चणीचे, सडपातळ अरबी घोडेच वरचढ ठरतात ते याच हिशोबाने. वेल्समध्ये १९८० पासून माणूस विरुद्ध घोडा अशी सुमारे ३५ किलोमीटरची शर्यत भरते. पहिल्यांदा माणूस जिंकायला २००४ साल उजाडलं, आणि त्यानंतर अधूनमधून तो जिंकत आला आहे. लुईस हॅल्सी आणि कॅलेब ब्राइस या संशोधकांनी अशा शर्यतींचे निकाल हवामानाशी ताडून पाहिले. ऊन वाढलं की दोघेही मंदावतात, पण घोडा अधिक मंदावतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे एन्स्ली घोड्यांच्या मुदतीत बसला यात उन्हाने त्याला मदतच केली असणार. दोनशे पौंडांच्या आसपासच्या, म्हणजे धावपटू म्हणून चांगल्याच वजनदार माणसालाही.

पण क्षमता असणं आणि तिच्यावर खेळ उभा राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ही क्षमता कामाला लावणाऱ्या जुन्या संस्था पाहिल्या तर त्यांनी एका माणसाला शंभर मैल सहसा पळवलेलं दिसत नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने हिंदुस्थानातली टपाल-व्यवस्था पाहून लिहिलं की इथे घोड्यांची डाक आहे आणि माणसांचीही, आणि माणसांची अधिक वेगवान आहे. कारण माणसांच्या चौक्या मैलाला तीन, घोड्यांच्या चार-चार मैलांवर. घुंगरांची काठी घेतलेला जासूद पुढच्या चौकीपर्यंत जीव खाऊन पळणार आणि थैली दुसऱ्याच्या हाती देणार. महंमद तुघलक दौलताबादला असताना त्याच्यासाठी चाळीस दिवसांच्या वाटेवरून गंगेचं पाणी असंच येत होतं, असं तो सांगतो. देवगिरीच्या उन्हाळ्यात सुलतानाच्या घशाला गंगाजल मिळालं ते माणूस सतत बदलत राहिल्यामुळे. उष्णतेचा प्रश्न त्या व्यवस्थेने सोडवला तो शरीर तापायच्या आत त्याला मोकळं करून. अमेरिकेतही १९२८ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत धावण्याची स्पर्धा झाली. मोहावेचं वाळवंट वाटेत होतं, १९९ जण निघाले, ५५ पोहोचले; पण ती ८४ दिवसांच्या टप्प्यांत वाटलेली होती. एकच शरीर, एकच दिवस, मध्ये विश्रांतीची सक्ती नाही, असा प्रकार उन्हातल्या डोंगरवाटेवर माणसांनी माणसांसाठी रुजवलेला नव्हता. तो घोड्यांसाठी केला गेला, आणि तो सुरक्षितपणे कसा करायचा याची रीतही तिथेच तयार झाली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि माझ्या मते अर्धा खरा आहे. घोड्यांकडून आलेल्या या तपासणीने माणसांचं नुकसानही केलं नाही का? अनेक दशकं या शर्यतीत धावपटूंना वाटेवर वजनकाट्यावर उभं करत. सुरुवातीचं वजन मनगटावरच्या पट्टीवर लिहिलेलं असे. सात टक्क्यांनी घटलं की शर्यत संपली. वजन घटलं म्हणजे पाणी घटलं, पाणी घटलं म्हणजे धोका, हा त्या काळच्या क्रीडावैद्यकाचा ठाम समज. परिणाम असा झाला की बाद होण्याच्या भीतीने लोक पोटात मावेल तितकं पाणी ढोसू लागले. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी १९८०च्या दशकात दाखवून द्यायला सुरुवात केली होती की अति पाण्याने रक्तातला क्षार पातळ होतो आणि त्यातून मेंदूला सूज येऊन माणूस मरूही शकतो. पुढे याच शर्यतीत २००९ साली तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे तीस टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. यात घोडा आणि माणूस यांच्यातला एक फरक डोळ्याआड झाला होता. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताहून खारट असतो. पाण्याबरोबर मीठही भराभर जातं, रक्त घट्ट होत नाही, म्हणून कोरडा पडलेला घोडा पाण्याकडे पाठ फिरवू शकतो. त्याच्या तहानेवर विसंबता येत नाही, बाहेरच्या माणसाने लक्ष ठेवावंच लागतं. माणसाचा घाम रक्ताहून पातळ; त्यामुळे त्याची तहान बऱ्यापैकी इमानदार असते. वजनकाटा पशुवैद्यांनी आणलेला नव्हता, तो माणसांच्या डॉक्टरांचा होता. पण धावणाऱ्याच्या स्वतःच्या जाणिवेपेक्षा तपासनिसाचा आकडा खरा मानायचा, ही सवय त्याच वारशातली. शेवटी सक्तीचं वजन बंद झालं, तहान लागेल तसं प्या असं सांगितलं जाऊ लागलं. म्हणून आक्षेप अर्धा खरा. काय तपासायचं ते चुकलं होतं. कुणी तपासायचं हे चुकलेलं नव्हतं.

का नव्हतं, याचं उत्तर तिसऱ्या आक्षेपाशी भिडल्याशिवाय मिळत नाही. घोड्याला बोलता येत नाही, त्याची संमती कुणी घेतलेली नसते, म्हणून त्याच्या वतीने पशुवैद्य बोलतो. सज्ञान माणूस पैसे भरून, सही करून, वर्षानुवर्षं सोडतीत नाव टाकून या शर्यतीत येतो. त्याला कुणी का थांबवावं? दमछाकीत, पायांच्या फोडांत हा युक्तिवाद चालेल. उन्हात तो टिकत नाही. शरीराच्या गाभ्याचं तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन उष्माघात होतो तेव्हा पहिला फटका बसतो तो मेंदूला. माणूस बरळतो, चिडतो, पाणी देणाऱ्याचा हात झटकतो, मी ठणठणीत आहे असं बजावून सांगतो. ज्या अवयवाने थांबायचा निर्णय घ्यायचा तोच आधी निकामी होतो. ऊन माणसाला घोड्याइतकंच मुकं करतं, आणि त्या अवस्थेत सकाळी पाच वाजता केलेली सही फारशी उपयोगाची नसते. ६२ मैलांवरच्या फॉरेस्टहिलपासून प्रत्येक धावपटूला एक सोबती घेऊन धावायची मुभा या शर्यतीत आहे. पहिल्या फळीच्या युरोपीय शर्यतींत अशी सोबत बहुधा नसते, आणि शुद्धतावादी तिला नाकं मुरडतात. ती मुभा काय कामाची आहे हे दुपारच्या दऱ्या पार करून आलेल्यांचे डोळे पाहिले की कळतं. आपल्यासाठी विचार करायला दुसरं डोकं लागतं.

२००६ साल या शर्यतीच्या अत्यंत तापलेल्या वर्षांपैकी एक. निघालेल्यांपैकी निम्म्याहून थोडेच जास्त लोक पोहोचले. (हवा बरी असलेल्या वर्षी दहांतले आठ पोहोचतात.) त्या वर्षी ब्रायन मॉरिसन सगळ्यांच्या पुढे ऑबर्नच्या प्लेसर हायस्कूलच्या मैदानात शिरला आणि शेवटच्या तीनएकशे मीटरांत पुन्हा पुन्हा कोसळला. सोबत्यांनी त्याला उचलून, धरून रेषेपार नेलं. नियमाप्रमाणे बाद ठरला, विजेता ग्रॅहम कूपर ठरला. तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. शंभर मैलांपैकी शेवटची काही पावलं दुसऱ्याच्या आधाराने टाकली म्हणून एवढी शिक्षा? पण घोड्यांच्या शर्यतीच्या मापाने पाहिलं तर हा निकाल अगदी सरळ आहे. रेषा ओलांडली जाणं आणि शर्यत पूर्ण होणं यांत अंतर असू शकतं, हे त्या वाटेवर अर्धशतकापासून मान्य होतं.

राहिला चौथा आक्षेप. एका कॅलिफोर्नियन शर्यतीवरून सगळ्या खेळाचा इतिहास कसा काढता? डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटरच्या शर्यतीचा उगम घोड्यांशी निगडित नाही. समुद्रसपाटीखाली ८६ मीटरांवरून निघून माउंट व्हिटनीच्या दिशेने जाण्याचा प्रयत्न अल अर्नल्ड याने तिसऱ्या खेपेला, १९७७ साली, तडीस नेला आणि १९८७ पासून तिथे शर्यत होते. सहारातली मॅरेथॉन दे साब्ल पॅट्रिक बाउअर याच्या १९८४ च्या एकट्याच्या पायपिटीतून निघाली. हे मान्य. पण बॅडवॉटर डांबरी सडकेवर होते आणि तिथे प्रत्येकाच्या मागे स्वतःची माणसं आणि गाडी असावीच लागते. सहारात टप्पे असतात, रात्री तंबू असतात, डॉक्टरांचा तळ असतो. उन्हाने तिथेही दुसऱ्याची नजर सक्तीची केलीच, फक्त वेगळ्या मार्गाने. डोंगरवाटेवरच्या एकदिवसी शंभर मैलांपुरतं बोलायचं तर घोड्यांची छाप पुसता येत नाही. व्हर्जिनियातली ओल्ड डोमिनियन ही १९७९ ची धावशर्यत घोड्यांच्या शर्यतीतूनच निघाली. व्हर्मांटच्या शंभर मैलांत आजही माणसं आणि घोडे एकाच दिवशी, बऱ्याच अंशी एकाच वाटेवर असतात. बक्षीस म्हणून धावपटूला कमरपट्ट्याचं बक्कल मिळतं ते का, याचं दुसरं काही कारण देता येणार नाही. आणि या रीतीवाचून काय होतं तेही दिसलं आहे. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत एकवीस धावपटू मेले. तिथे मारलं ते थंडीने, उन्हाने नव्हे. पण ज्या चढावर हवा फिरली तिथे कुणाला थांबवणारं, खाली आणणारं ठाणंच नव्हतं. थंडीनेही बुद्धी बधिर होते.

वारसा जिथे तुटला ती जागाही पाहिली पाहिजे. टेव्हिसच्या घोड्याला अंतिम रेषेनंतर तपासणी द्यावी लागते, माणसाला नाही. रविवारी सकाळी दहा ते अकरा हा तीस तासांच्या मुदतीतला शेवटचा तास ऑबर्नच्या मैदानावर उत्सवासारखा साजरा होतो. वाकलेले, भेलकांडणारे, एका अंगावर कललेले धावपटू येतात आणि जो जास्त भेलकांडतो त्याला जास्त टाळ्या पडतात. त्याच पावलांनी आलेला घोडा पशुवैद्याने क्षणात बाद केला असता, आणि गावकऱ्यांनी स्वाराला बोल लावले असते. शर्यतीनंतर स्नायूंची नासाडी होऊन मूत्रपिंडं बंद पडल्याने रुग्णालयात दाखल झालेले धावपटू या शर्यतीने पाहिले आहेत. बक्कल त्यांना मिळालेलं होतं. माणसासाठी अंतिम तपासणीची सक्ती व्हावी असं मी म्हणणार नाही, रेषेपलीकडे आलेल्या सज्ञान माणसाला सावली, बर्फ आणि डॉक्टर जवळ असणं पुरे. पण पहिल्या दहांत उत्तम स्थितीत कोण आला यासाठी घोड्यांत चषक आहे आणि माणसांत नाही, हे चमत्कारिक आहे. संयोजकांनी तसा एक ठेवून बघावा. त्यासाठी वेगातली दहा मिनिटं सोडायला पहिल्या दहांतले किती तयार होतात, ते कळेल.